बूच न काढलेली कुपी

मित्रांनो, मी एक जुनी काचेची कुपी आहे. माझ्या पोटात दोन ग्रॅम पिवळे स्फटिक आहेत. त्यांच्यातून मिनेगिशीसानना, जपानातल्या एका विद्यापीठातल्या तरुण रसायन-संशोधकाला, काय मिळणार होतं, ते आधी मोजून सांगते: स्वतःच्या नावाचा एक शोध, त्या शोधावर डॉक्टरेट, डॉक्टरेटवर सहायक प्राध्यापकाची जागा आणि त्या जागेच्या जोरावर फुसासानशी लग्न. बोटभर कुपीत एवढं सगळं मावत होतं.

मला घडवलं फुसासानच्या वडिलांनी, किसुकेंनी. विद्यापीठामागच्या गल्लीत त्यांची भट्टी होती. त्यांनी फुंकर मारून माझा तळ गोल केला आणि बूच घासून असं बसवलं की आत दमट हवासुद्धा शिरू नये. फुसासान मला कागदात गुंडाळत होत्या आणि मिनेगिशी त्यांच्या बोटांकडे पाहत होते.

"या महिन्यातली ही अकरावी कुपी," किसुके म्हणाले. "एवढं काय भरता हो त्यांच्यात?" मग मुलीला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाले, "डॉक्टर व्हा, मग चहाला या. तोवर कुप्याच न्या."

मिनेगिशींचे गुरू तोगावा सेन्सेई. पोटदुखीवर आजीबाया जी कडू साल उकळून देतात, तिच्यातला पिवळा पदार्थ त्यांनी वेगळा काढला होता. त्याचं सूत्र मुलं घोकून पाठ करत. त्याच पदार्थावर पुढचं काम करायचं म्हणून मिनेगिशींनी हिवाळ्यात तो नव्यानं काढला, कोरडा केला, सूत्र तपासायला त्यातला थोडा जाळून तोलला. सूत्र जुळेना. सात वेळा केलं, तरी जुळेना. मग त्यांना उमगलं. सेन्सेईंनी काम केलं होतं जूनच्या पावसात. स्फटिकांना चिकटून राहिलेलं पाणी त्यांनी पदार्थातच मोजलं होतं.

खरे, कोरडे स्फटिक मिनेगिशींनी माझ्यात भरले, चिठ्ठी चिकटवली आणि मला खणात ठेवलं. सेन्सेईंच्या साठीला सहा वर्षं होती. साठीला रिवाजाप्रमाणे लाल बंडी घालून त्यांचा सन्मान होईल, ते निवृत्त होतील, मगच बोलायचं असं मिनेगिशींनी ठरवलं. गुरू खुर्चीवर असताना शिष्यानं चूक दाखवायची नसते, हे कुणी त्यांना शिकवलं नव्हतं. शिकवावं लागतच नाही.

दर शरदात फुसासान काचसामान पोचवायला येत आणि वाळवलेली पर्सिमन फळं ठेवून जात. तिसऱ्या वर्षी त्यांनी सरळच विचारलं, "सेन्सेई काय खाणार आहेत तुम्हाला?"

"खातील तर बरं," मिनेगिशी म्हणाले. "ते माझ्यापुढे वाकून माफी मागतील. ते मला बघवणार नाही."

फुसासाननी मला हातात घेऊन उजेडात धरलं. "बाबांनी बूच चांगलं बसवलंय," एवढंच म्हणाल्या. पाचव्या वर्षी किसुकेंनी त्यांना दूरच्या गावी, एका सोया सॉसवाल्याच्या घरी दिलं. त्या शरदात काचसामान हमालानं आणलं.

सहाव्या वर्षी, साठीच्या आठच दिवस आधी, एक जर्मन मासिक आलं. त्यात तेच स्फटिक होते आणि बरोबर सूत्र होतं. नाव तेवढं दुसऱ्याचं होतं.

सेन्सेईंनी मिनेगिशींना बोलावलं. मिनेगिशी मला मुठीत धरून गेले आणि मेजावर ठेवून मान खाली घालून उभे राहिले. सेन्सेईंनी चिठ्ठीवरची तारीख वाचली. मग उठून कपाटातून दुसरी कुपी काढली आणि माझ्याशेजारी ठेवली. तीही किसुकेंच्याच हातची. आत तेच कोरडे स्फटिक होते, तारीख चार वर्षांपूर्वीची.

"मलाही कळलं होतं," सेन्सेई म्हणाले. "तू नवे स्फटिक कोरडे करतोस, तेव्हा तुलाही दिसलं असणार. सांगायचा मान तुझा होता. मी वाट पाहत होतो, मिनेगिशी."

आणि ते वाकले. जे पाहायला नको म्हणून मिनेगिशींनी सहा वर्षं काढली, ते त्यांना पाहावंच लागलं.

आता मी दाखवायच्या कपाटात आहे. माझ्यावरची शाई उडाली आहे. मिनेगिशींचे केस पांढरे झाले, तरी ते पहिल्या वर्षाच्या मुलांना पदार्थ कोरडा कसा करावा तेच शिकवतात. मित्रांनो, काच जपून ठेवा म्हणून मी विनवणार नाही. मला फार जपलं, तिथंच सगळं बिघडलं. हातात खरं असेल तर बूच काढा, समोर कुणीही बसलेलं असो.

जर्मन माणसाला शोध मिळाला, सेन्सेईंना लाल बंडी मिळाली. त्यासाठी झाडानं साल दिली, किसुकेंनी फुंकर दिली, फुसासाननी पाच वर्षं दिली. उरलेलं सगळं मिनेगिशींनी दिलं.