मला एकदा कोसळू द्या

मी ओढा बोलतोय. खरा नव्हे, खोटा. नाक मुरडू नका. तुमच्यात तरी खरे किती, ते मला ठाऊक आहे.

खरा ओढा तिकडे सिंगापुरात, उंच इमारतींच्या मधून वाहतो. मी त्याची धाकटी नक्कल. जर्मनीत, आखनच्या एका प्रयोगशाळेत, प्लायवूडच्या लांबलचक खोक्यात माझा मुक्काम. पंप चालू केला की वाहतो, बंद केला की झोपतो. सगळा जन्म विद्वानांत गेला, पण मला दोनच अक्षरं आली: वर आणि खाली. पाण्याला तेवढी पुरतात.

त्या थोरल्याला फार पूर्वी सिमेंटच्या सरळ गटारात कोंबलं होतं, पावसाचं पाणी झटकन समुद्रात जावं म्हणून. आता तिथल्या लोकांना त्याची दया आली. सिमेंट फोडायचं, ओढ्याला वळणं द्यायची, काठाला गवत लावायचं आणि मोठ्या वळणावर पोरांसाठी घसरगुंडी. पण तिथला पाऊस म्हणजे उपडी केलेली बादली. नुसता मातीचा काठ टिकेल, की खाली दगड रचावे लागतील? ते आधी माझ्यावर बघायचं ठरलं. माझा वाळूचा काठ पडला तर दगड, टिकला तर नुसतं गवत.

हे बघणारा सत्यजित. सांगलीचा इंजिनिअर, त्यामुळे पुराची धास्ती अंगातच. पोरगा चांगला, पण मी त्याला कधी सोडलं नाही. तो वाकून माप घ्यायला लागला की फळीच्या फटीतून बरोबर त्याच्या मोज्यात पाणी सोडायचो. "येडं परत गळतंय," म्हणत तो फट बुजवायचा. मी दुसरी शोधायचो.

मग गणपती आले. इथल्या मंडळाच्या कर्त्या चारुलतामावशी. केस पांढरे झाले इथे, पण हुकूम सदाशिव पेठेतला.

"सत्यजित, गेल्या वर्षी बादलीत विसर्जन केलं. यंदा वाहतं पाणी हवं."

"मावशी, या गावातले ओढे सगळे रस्त्याखाली गाडलेत. लांब कुठे जायचं तर आम्टची, सरकारी कचेरीची, परवानगी लागेल."

"तुझ्याकडे आहे की एक. येता-जाता त्याचंच कौतुक सांगतोस."

"अहो, ते मॉडेल आहे."

"वाहतं ना?"

"गेनाऊ, अगदी बरोबर," त्याची बायको मुक्ता हसत म्हणाली, आणि सत्यजित हरला.

रविवारी दुपारी माझ्या काठावर आरती झाली. माझ्यासमोर आजवर कोणी हात जोडले नव्हते, मी फुगलो. पुण्याहून जपून आणलेली शाडूची मूर्ती हळूहळू विरघळली. ती माती वाहत वाहत मोठ्या वळणाशी आली आणि काठाच्या वाळूत शिरून बसली. पंप बंद झाला. वाळू सुकली, आवळली, घट्ट झाली.

दुसऱ्या दिवशी सर्वांत मोठ्या पुराची चाचणी. मी जीव तोडून काठाला धडका दिल्या. हलेना.

सत्यजितने लगेच मावशींना फोन लावला. "तुमच्या बाप्पाने काठ धरून ठेवला बघा."

थट्टेत म्हणाला, पण शब्दन् शब्द खरा होता. त्याच्याच लक्षात आलं नाही.

मी त्याच्या मोज्यात गढूळ, करडं पाणी सोडलं. बघ ना बाबा, नेहमीचं आहे का हे? "येडं परत गळतंय," म्हणाला आणि मोजे बदलून आला. जन्मभर खोड्या काढणाऱ्याचं रडणंसुद्धा खोडीच वाटतं.

आज संध्याकाळी त्याचा अहवाल जाणार: दगडांची गरज नाही. आणि तिकडच्या वळणावर, घसरगुंडीखालच्या मातीत, कोणाचाही बाप्पा नाही.

मला फोडायला माणसंही आली आहेत, नव्या मॉडेलला जागा हवी म्हणून. फोडा. मी रडत नाही. पण त्या घसरगुंडीवरची पोरं मला दिसत राहतात. ती मी कधी पाहिलेली नाहीत, तरी दिसतात.

आत्ता चारुलतामावशी पाट घेऊन आल्यात. विसर्जनाच्या जागची मूठभर वाळू घरी न्यायची असते, ती त्या दिवशी मोदकांच्या गडबडीत राहिली. त्यांनी वळणावर हात घातला, तर वाळू मुठीत येईना. ढेकूळच निघालं.

"ही कसली रे तुझी वाळू? फुटत नाही. यंदा पाटावर बाप्पाच परत आला म्हणायचा."

सत्यजित हसला. त्याने ढेकूळ हातात घेतलं. दाबलं. हसणं थांबलं. पुन्हा दाबलं.

पलीकडे ड्रिल सुरू झालंय.

"आइन मोमेंट," सत्यजित म्हणाला. त्या आवाजात कोणाला ऐकू जाणार?

मोठ्याने ओरड, लेका. त्या ड्रिलवाल्याला थांबव, ती शाडू खरवडून काढ आणि एकदा पंप चालू कर. उभ्या जन्मात तुझ्याकडे काही मागितलं नाही, नुसते मोजे भिजवले. आता एवढंच मागतो: कोसळायला पुरेल इतकं पाणी दे.