सोसायटीची हिरवट ज्वारी

माझ्या दाजींना भाजी आवडायची नाही. किती आवडायची नाही हे सांगितलं तर खरं वाटणार नाही कुणाला. मेथी कडू, शेपूला वास, भेंडी बुळबुळीत, दोडका पाणचट. वांग्याच्या बिया दातांत अडकायच्या आणि भोपळा बघितला की म्हणे आजारपण आठवायचं. घर लिंगायताचं, म्हणजे मटणाचा प्रश्नच नाही. मग हा बाबा जगतो तरी कशावर, असा प्रश्न मला अक्काच्या लग्नापासून पडलेला. भाकर, शेंगदाण्याची चटणी, वरण आणि वाडगाभर दही. एवढ्यावर महालिंगप्पा नावाचा हा धिप्पाड माणूस उभा होता, आणि ढोकीच्या कारखान्याला ट्रॅक्टरनं ऊस घालत होता.

मी मेहुणी. टोमणे मारायचा हक्क माझाच. येळवस आली की मला चेव यायचा. मार्गशीर्षातल्या त्या अमावस्येला आमच्याकडं गावात माणूस राहत नाही, सगळं रान माणसांनी भरतं. कडब्याची खोपटासारखी कोप करायची, पूजा करायची आणि बसायचं भज्जीवर. तुरीचे, वालाचे, हरभऱ्याचे दाणे, मेथी, चुका, कांद्याची पात, गाजर, शिवारात हिरवं म्हणून जे असेल ते सगळं एका पातेल्यात. दाजी त्यातले दाणे तेवढे वेचून खायचे आणि पाल्याचा ढीग ताटाच्या कडेला लावायचे.

"दाजी, ही भज्जी हाय का बांध घालायचं काम चाललंय?" मी म्हणायची.

"ऱ्हाऊ दे गं सिते," अक्का वाढता वाढता म्हणायची, "त्यांच्या वाटची म्या खाते की."

"बघा," दाजी खूश होऊन सगळ्यांना सांगायचे, "माझ्या वाटची सगळी भाजी हिच्या पोटात जाती. म्हणून तर ही ठणठणीत हाय."

सगळे हसायचे. मीही हसायची. अक्का पदरानं घाम पुसत पुढच्या पंगतीला वाढायला जायची.

दाजींचं ते सोंग नव्हतं, हे मला फार उशिरा कळलं. बहात्तरच्या दुष्काळात ते मिसरूड फुटायच्या वयाचे होते. घरात दाणा नव्हता, खडी फोडून आल्यावर तरोट्याचा पाला उकडून खायचा, मीठ असलं तर मीठ टाकून. सकाळी तेच, संध्याकाळी तेच. ओकायचं आणि पुन्हा तेच खायचं. तेव्हापासून हिरवा वास आला की त्यांच्या पोटात ढवळायचं. हे त्यांनी कुणालाही सांगितलं नव्हतं, एकट्या अक्काला ठाऊक होतं.

पुढं पुन्हा दुष्काळ पडला. बहात्तरइतका नाही, पण पडला. विहिरींनी तळ गाठला, म्हैस छावणीत गेली आणि दाजींचं दही बंद झालं, तूर वाळून गेल्यानं वरणही. राहिली भाकर आणि चटणी. आणि मग दाजी दिवेलागणीला उंबऱ्याशी चपला चाचपडायला लागले. आधी कुणी मनावर घेतलं नाही. एका संध्याकाळी त्यांनी उसाची ट्रॉली सरळ बांधावर चढवली. दैव बलवत्तर, कुणाला लागलं नाही. पण ट्रॅक्टर दाजींचा नव्हता, गावातल्या बागायतदार आण्णासाहेबांचा होता. त्यांनी स्वच्छ सांगितलं, "डोळे नीट करून ये, न्हाईतर मला दुसरा डायवर बघावा लागंल."

डॉक्टरांनी तपासून रातांधळेपणा सांगितला. गोळ्या दिल्या आणि बजावलं, की नुसत्या गोळ्यांनी भागायचं नाही, रोज पालेभाजी पोटात गेली पाहिजे. गेली नाही तर पुढं दिवसाही दिसायचं कठीण.

दाजी जन्मठेप झाल्यासारखं तोंड करून घरी आले. अक्कानं कुठूनशी मेथीची जुडी पैदा केली, लसूण घालून परतली. दाजींनी घास तोंडात घातला आणि परड्यात पळाले. परत आले तेव्हा डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"गजरे, म्या आंधळा झालो तरी चालंल," ते अक्काला म्हणाले, "पर हे मला जमायचं न्हाय."

परड्यात शेवग्याचं एक झाड होतं. दुष्काळातही ते तग धरून होतं. अक्कानं त्याचा पाला काढला, सावलीत वाळवला, कुटला, वस्त्रगाळ केला आणि ज्वारीच्या पिठात मिसळला. भाकरी हिरवट झाल्या.

"ह्ये काय?" दाजी म्हणाले.

"सोसायटीत औंदा हायब्रीड आलीया," अक्का तव्यावरची नजर न हलवता म्हणाली. "रंग असलाच हाय तिचा."

त्या काळात जगातलं सगळं वाईट हायब्रीडच्या माथी मारायची पद्धत होती. माणसं अशक्त झाली, हायब्रीडमुळं. पोरं उद्धट झाली, हायब्रीडमुळं. दाजींना शंका यायचं कारणच नव्हतं. त्यांनी दोन शिव्या घालून भाकर खाल्ली. एवढ्यावर थांबले नाहीत, सोसायटीत जाऊन सेक्रेटरीलाही झापून आले. तो बिचारा सवयीनं म्हणाला, "आमी काय करावं? वरूनच तसली येती." झालं, अक्काच्या थापेवर सरकारी शिक्का बसला.

दाजींना दिसायला लागलं. तीन-चार महिन्यांत ते दिवे लागल्यावर एसटीची पाटी लांबून वाचून दाखवायला लागले. गोळ्यांचा गुण, म्हणायचे. ट्रॅक्टर हातचा गेला नाही. आणि त्याच सुमाराला, लग्नाला दहा वर्षं होत आली असताना, अक्काला दिवस गेले.

पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं. आई तिला आणायला दोनदा गेली, अक्का दोन्ही वेळा नाही म्हणाली. "त्यांच्या भाकरीचं कोण बघंल?" आईला वाटलं, पोरगी नवऱ्याच्या फारच अधीन झाली. मी कळंबला शाळेत शिकवत होते. उन्हाळ्याची सुट्टी लागल्याबरोबर मीच तिच्याकडं राहायला गेले.

दाजी जेवून उठले की आम्ही बायकांनी चुलीपुढं बसायचं. घरोघरी तीच रीत होती, आमच्या माहेरीही. पहिल्याच दिवशी अक्कानं आमची ताटं वाढली आणि मी बघत राहिले. दाजींची भाकर हिरवी होती. आमच्या भाकरी पांढऱ्या होत्या. वर चटणीचा गोळा, बाकी काही नाही.

"तुझ्या भाकरीत का न्हाय गं पाला?"

"पुरत न्हाय. झाड बघ की जरा."

मी बघितलं. शेंड्याला चार डहाळ्या सोडल्या तर झाड नागडं झालं होतं.

"आणि म्या आणलेली मेथी?"

"वाळत घातली. त्यांच्या पिठाला व्हईल."

"आणि दुष्काळाच्या आधी? दाजींच्या वाटची भाजी खात होतीस ना तू?"

अक्का हसली. त्या हसण्याचा मला अजून राग येतो. "एकल्या बाईसाठी कोण भाजी करतंय, सिते? त्यांना लागत न्हाय म्हणल्यावर चूल कशाला अडकवायची? म्या बी चटणीच खाते. सवय झाली आता."

ही माझी अक्का. लहानपणी ही बांधावरचा तांदुळजा खुडायला जायची आणि अर्धा ओचा भरेपर्यंत अर्धा कच्चाच खाऊन यायची. घोळ, पाथरी, हरभऱ्याचा कोवळा पाला, हिला सगळं प्यारं. आई म्हणायची, ही मागल्या जन्मी शेळी होती. आणि दहा वर्षं त्या घरात हिच्या ताटात एक हिरवं पान पडलं नव्हतं, येळवशीचा एक दिवस सोडला तर. कुणी भाजी हिसकावून घेतली नव्हती. कुणी हिला उपाशी ठेवलं नव्हतं. फक्त हिच्या ताटाकडं कुणी बघितलं नव्हतं.

मी ताडकन उठले. "आत्ता सांगते दाजींना."

तिनं माझं मनगट धरलं आणि माझा हात तिच्या पोटावर ठेवला. "हेची शपथ हाय तुला. त्यांना कळलं तर ते भाकरीला शिवायचे न्हाईत. बहात्तरला काय खाल्लंय त्या माणसानं, तुला ठावं न्हाय." आणि मग तिनं मला ते सगळं सांगितलं.

माझ्या हाताखाली पोरानं लाथ मारली. माझी जीभ तिथंच बांधली गेली.

दुसऱ्या दिवसापासून मी तिच्यामागं हात धुऊन लागले. बाजार गाठला, मिळेल ती भाजी आणली आणि पुढ्यात बसून खायला घातली. एकदा तांदुळजा मिळाला. ती इतकी मन लावून जेवली, ताट बोटानं पुसून घेतलं आणि म्हणाली, "आईच्या हातची चव हाय गं तुला." मला वाटलं, आता काळजी नाही. पण तिची नखं कागदासारखी पांढरी होती आणि दहा वर्षांचं कोरडं अंग आठ दिवसांत भरत नसतं.

दिवस भरायच्या आधीच तिला रक्त जायला लागलं. दाजींनी आण्णासाहेबांची जीप काढली आणि आम्ही उस्मानाबादचा दवाखाना गाठला. डॉक्टरीणबाईंनी अक्काच्या डोळ्याची खालची पापणी ओढून बघितली आणि त्यांचा चेहरा उतरला.

"अंगात रक्तच नाही हिच्या. पालेभाजी, काही खात नव्हती का?"

"खाती की!" दाजी ठासून म्हणाले. "हिला लई आवडती. माझ्या वाटचीबी हीच खाती."

मला राहवलं नाही. शपथ तोडली नाही मी, एवढंच विचारलं, "दाजी, तुमी बघितलंय का कधी? तिला जेवताना?"

त्यांनी उत्तर द्यायला तोंड उघडलं. ते आठवत होते, मला दिसत होतं. एक तरी दिवस, एक तरी जेवण. डोळे इकडं तिकडं फिरले आणि जमिनीवर थांबले. खाटेवरून अक्का क्षीण आवाजात म्हणाली, "सिते, गप."

बाईंनी सांगितलं, रक्त सोलापूरलाच मिळेल, थांबू नका. आम्ही तसेच निघालो. अक्काचं डोकं माझ्या मांडीवर होतं. तुळजापूरचा घाट उतरताना दिवस बुडाला. दाजी जीप भरधाव चालवत होते, पण एकही खड्डा चुकवायचा त्यांनी सोडला नाही. तिला धक्का बसू नये म्हणून त्यांचा जीव चाललेला.

"अवं," अक्का म्हणाली. "अंधार पडला का?"

"व्हय."

"दिसतंय ना तुमाला?"

"दिसतंय, गजरे."

"समदं?"

दाजींनी नुसती मान हलवली. मीच तिच्या कानाशी वाकून सांगितलं, "समदं दिसतंय त्यांना." ती समाधानानं हुंकारली. तामलवाडी यायच्या आत माझ्या मांडीवरचं डोकं जड झालं. बाळ तिच्यासोबतच गेलं.

आमच्यात जाळत नाहीत, बसवून माती देतात. दाजींच्याच रानात, वरच्या बांधाला तिला बसवली.

घरी आल्यावर मी चुलीपाशी ठेवलेले पिठाचे दोन डबे त्यांच्यापुढं आणून आदळले. मला त्यांना मारायचंच होतं, दुसरा शब्द नाही. एक पीठ हिरवं, एक पांढरं. "ही तुमची हायब्रीड. आणि हे तिचं." त्यांनी हिरव्या पिठात हात घातला, वास घेतला. मग परड्यातल्या त्या नागड्या झाडाखाली जाऊन बसले, आणि एवढा मोठा माणूस लेकरागत रडला. माझा राग कुठं गेला मला कळलं नाही. मीही त्यांच्याजवळ जाऊन बसले.

त्या वर्षी पाऊस बरा झाला. येळवस आली. मला जायचं नव्हतं, आई म्हणाली, त्या माणसाला कोण आहे? मी जाऊन भज्जी केली, सगळं हिरवं घालून. दाजींनी कोपीपुढं दोन ताटं मांडली. एक भरून वरच्या बांधाला ठेवून आले. दुसरं घेऊन बसले.

त्यांनी दाणे वेचले नाहीत. पाला कालवला आणि घास घेतला. पोटातून उमासा वर आला, मान ताणली गेली, त्यांनी तोंडावर हात दाबला आणि गिळला. दुसरा घेतला. कुणी हसलं नाही. मी म्हणाले, "दाजी, ऱ्हाऊ द्या आता." ते म्हणाले, "वाढ अजून." ताट पुसून खाल्लं त्यांनी. मग मी वाढून घेतलं तेव्हा समोरच बसून राहिले आणि मी उठेपर्यंत माझ्या ताटाकडं बघत होते.

दिवस मावळला. माणसं बैलगाड्यांनी गावाकडं निघाली. मी भांडी आवरून हाक मारली, "चला, अंधार पडला. वरचं ताट उद्या आणू, आता काय दिसायचं न्हाय."

दाजी वरच्या बांधाकडं बघत उभे होते. मला तिथं नुसता काळोख दिसत होता.

"मला दिसतंय," ते म्हणाले. "ताट बी दिसतंय. तसंच हाय, भरलेलं."