नत्थुजींच्या वावरावरून फिरलेला रूळ

मित्रांनो, सावरखेडच्या नगरपालिकेच्या फाटकाशी एक काळा, गोल, लांबोडका दगड आडवा पडलेला दिसतो ना, तो मी. माझ्यावर बसून तुम्ही बोरं खाता, बिया तिथेच थुंकता आणि कुणी विचारलं तर खुशाल सांगता, "जुना खांब असेल." खांब! खांब जन्मभर एका जागी उभा राहतो. मी चाललेला दगड आहे. रस्ता दाबायचा रूळ आहे मी, आणि या गावाचा पहिला पक्का रस्ता माझ्या पोटाखालून गेला आहे. आगगाडीच्या लोखंडी रुळांशी माझं नुसतं नावाचं नातं. ते पडून राहतात आणि दुसरे त्यांच्यावरून धावतात. मी स्वतः फिरलो.

गाविलगडच्या डोंगराच्या पायथ्याशी एक खाण होती. तिथल्या काळ्या खडकातून सहदेव पाथरवटानं मला सोडवलं. एक उन्हाळाभर तो माझ्याभोवती छिन्नी घेऊन फिरत होता. जरा कुठे उंचवटा हाताला लागला की पुन्हा घासायचा आणि मलाच रागवायचा, जसा काही तो उंचवटा मी मुद्दाम काढला होता. मधोमध भोक पाडून त्यात लोखंडी आस घातला, सागवानी चौकट बसवली. चार बैलजोड्या जुंपल्या तेव्हा कुठे मी हललो. गावात शिरलो तेव्हा रस्त्याच्या दोन्ही बाजूंना माणसं उभी होती. नवरदेवाचीही इतकी वाट कुणी पाहत नसेल.

त्याआधीची चार-पाच वर्षं सावरखेड भलतंच तोऱ्यात होतं. अमेरिकेत भावाभावांची लढाई जुंपली, तिकडचा कापूस विलायतेला पोचेना, म्हणून विलायतेच्या गिरण्यांना आमच्या वऱ्हाडाची आठवण झाली. अमेरिका कुठल्या दिशेला आहे हे गावात एकालाही सांगता आलं नसतं, पण तिथल्या लढाईची चर्चा पारावर रोज व्हायची. कुडाच्या घरांवर कवेलू, म्हणजे कौलं, चढली. बैलांच्या गळ्यात पितळी घुंगरमाळा आल्या. खुशालराव पाटलांच्या ओसरीवर भिंतीचं घड्याळ लागलं. ते चालत नव्हतं, पण बघायला लोक अकोटाहून यायचे.

याच दिवसांत सरकारनं गावाला पाच जणांची कमिटी दिली. खुशालराव पाटील तिचे मुख्य, हरिहरपंत वकील कागद लिहिणारे, मोठ्या वावराचे धनी नत्थुजी आणि दोन व्यापारी. कमिटी म्हणजे काय खायचं असतं हे त्यांच्यापैकी कुणालाच ठाऊक नव्हतं. हरिहरपंतांनी सांगितलं, "ज्याला पटलं त्यानं हात वर करायचा." पहिल्याच बैठकीत पाटलांनी दोन्ही हात वर केले. पण मित्रांनो, हसू नका. याच पाच जणांनी बाजारातली विहीर उपसून घेतली, गल्ल्या झाडायला माणसं लावली, बाजाराच्या कडेनं कडुनिंब लावले. चुकत चुकत त्यांनी गाव चालवायला शिकून घेतलं. मला त्यांचा अभिमान आहे आणि तो मी लपवत नाही.

मग लढाई संपली. भाव उतरला आणि कापूस घ्यायला येणारे बाहेरचे व्यापारी चोखंदळ झाले. त्यातच तीन कोसांवर आगगाडीचं टेसन झालं. सावरखेड ते टेसन वाट होती, पण ती काळ्या मातीची. पावसाळ्यात तिच्यात गाडीचं चाक गेलं की आसापर्यंत जायचं. व्यापाऱ्यांनी स्पष्ट सांगून टाकलं: दसऱ्याला नवा कापूस निघेल तेव्हा पक्का रस्ता तयार असला तर बाजार सावरखेडात भरेल, नसला तर शेजारच्या हिंगणीत. बाजार गेला असता तर सावरखेडात उरलं काय असतं? ते न चालणारं घड्याळ.

चावडीत बैठक बसली. पक्क्या रस्त्याला पाचही हात वर गेले. सगळ्यांत उंच हात नत्थुजींचा होता. उंचापुरा गडी, आवाज असा की चावडीतून बोलले तर विहिरीवर ऐकू यावं. ते म्हणाले, "रस्ता असा करा का हिंगनीवाल्याइनं पाहातच राहिलं पाह्यजे!" लगेच मला आणायचं ठरलं.

मी आलो आणि कामाला लागलो. बायामाणसं गिट्टी फोडायची, वर मुरूम टाकायची, पाणी शिंपायची आणि मग मी फिरायचो. माझ्या मागं जमीन घट्ट, सपाट होत जायची. कामाचा असा आनंद मी पुन्हा कधी घेतला नाही. दीड कोस रस्ता झाला आणि आखणीचा दोर नत्थुजींच्या वावराच्या धुऱ्यापाशी, म्हणजे बांधापाशी, येऊन थांबला. दोर सरळ पुढे ओढला तर वावराचे दोन तुकडे होत होते.

नत्थुजी धुऱ्यावर मांडी घालून बसले. माझ्या अगदी पुढ्यात.

"नत्थुजी, रस्त्याला तुम्हीच हात वर केला होता," हरिहरपंत म्हणाले.

"केला होता ना, पंत. मले का माहीत रस्ता माह्याच वावरातून जाईन? मी समजलो, दुसऱ्याच्या वावरातून जाईन!"

इतकं खरं बोलणारा माणूस मी कमिटीत दुसरा पाहिला नाही. त्यांच्या वडिलांनी झाडझाडोरा तोडून, मुळं खणून ते वावर काढलं होतं. त्यातून गाड्या जाणार हा विचारच त्यांना सहन होत नव्हता. कमिटीचा तरी नाइलाज. आपलाच माणूस, त्याला दुखवायचं कसं? शेवटी ठरलं की वावराला वळसा घालून रस्ता खालच्या नाल्याच्या काठानं न्यायचा. सगळ्यांनी हात वर केले. मला कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तर सांगितलं असतं की तिथली माती माझ्या पोटाखाली पिठासारखी दबेल.

आषाढात व्हायचं तेच झालं. नाला फुगला, वळशाचा मुरूम वाहून गेला आणि मी जागच्या जागी कलंडून अर्धा काळ्या चिखलात रुतलो. बैल सोडून नेले. श्रावणभर बगळे माझ्यावर बसत होते.

आता पुढची गंमत ऐका. शेतावर जाणाऱ्या एका म्हातारीनं जमिनीतून वर आलेला काळा, गुळगुळीत दगड पाहिला आणि मला शेंदूर फासला. दुसऱ्या दिवशी कुणी नारळ फोडला. आठवड्याभरात मी देव झालो. खोटं कशाला बोलू, मला ते आवडलं. दिवसभर चिखलमातीत फिरणाऱ्याला कुणी हात जोडले तर कुणाला आवडणार नाही? माझ्यापेक्षाही नत्थुजी खूश होते. येईल त्याला सांगायचे, "देवच बसला इथं. आता देवाले उठवता का? रस्ता हाय तिथंच राहू द्या."

पोळा झाला. उघडीप पडली. मागल्या हंगामाचा राहिलेला कापूस घेऊन अकोटकडच्या गाड्या टेसनाला निघाल्या. नाल्याशी येऊन पहिल्या गाडीवानानं बैल थांबवले, चिखल पाहिला, चिखलातला मी पाहिला आणि गाडी हिंगणीच्या वाटेला वळवली. मागची वळली. तिच्या मागची वळली. घुंगरमाळांचा आवाज लांब जात राहिला. नत्थुजी धुऱ्यावर उभे राहून बघत होते. एरवी गाडीवानाला हाक मारून दोन गोष्टी केल्याशिवाय न सोडणारा माणूस, त्या दिवशी नुसत्या वळलेल्या गाड्या मोजत राहिला.

तेवढ्यात त्यांच्या पत्नी गोदाबाई भाकर घेऊन आल्या. त्यांनीही वळलेल्या गाड्या पाहिल्या. नत्थुजींनी माझ्याकडे बोट दाखवलं आणि पुटपुटले, "देवाची मर्जी."

"देव नाही थो," गोदाबाई म्हणाल्या. "तुमचा हट्ट हाय थो, गाळात फसलेला."

नत्थुजींनी भाकर हातात घेतली आणि तशीच धरून ठेवली.

"माह्या सासऱ्यानं हे वावर काढलं, थे कावून? कापूस पिकवून बाजारात इकाले ना? बाजारच हिंगनीले गेला त कापूस का डोक्यावर घेऊन हिंडसान?"

"बापाची जमीन हाय, गोदे. तिचे दोन तुकडे करू?"

"मामंजी असते त त्याइनं काय केलं असतं, थे तुमी मले सांगा. मी त त्याइले गावाच्या विहिरीले दगड वाहतानाच पाह्यलं हाय."

नत्थुजींनी भाकर मात्र खाल्ली नाही, हे मी पाहिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ते चावडीत गेले आणि नेहमीपेक्षा हळू आवाजात म्हणाले, "रस्ता माह्या वावरातून न्या. सरळ न्या."

खुशालराव पाटलांनाच कसंतरी झालं. म्हणाले, "नत्थुजी, वावर बोंडावर हाय. येचनी होऊ द्या, मंग पाहू."

"येचनी होयेस्तोवर दसरा निंगून जाईन, पाटील. आत्ताच न्या."

वावरात कपाशी कमरेएवढी उभी होती. पिवळी फुलं, हिरवी बोंडं, कुठे कुठे लाल पडत चाललेली पानं. पण वऱ्हाडात वेचणीच्या पहिल्या दिवशी बाया वावरात पाच खडे मांडून पुजतात, दहीभाताचा निवद दाखवतात. त्याला सीतादही म्हणतात. ती केल्याशिवाय कपाशीला हात लावायचा नाही, आणि तिची वेळ अजून महिनाभर लांब होती. गोदाबाईंनी तोड काढली. त्या सगळ्या वावरात फिरल्या आणि उमललेलं एक बोंड शोधून काढलं. तेवढ्यावर त्यांनी वेळेआधी सीतादही मांडली. शेजारणी आल्या. निवद दाखवून झाला. मग गोदाबाईंनी पदर खोचला आणि रस्त्याच्या रेघेतलं पहिलं झाड स्वतःच्या हातानं उपटलं. मुळाशी माती चिकटून आली. ती त्यांनी झटकली नाही, झाड तसंच आडवं ठेवलं. त्यांचे डोळे भरले होते, पण हात थांबला नाही. मग बाकीच्या बायांनीही ओणवं होऊन झाडं उपटायला सुरुवात केली.

इकडे मला काढायला नत्थुजींनी स्वतःचे बैल आणले. म्हातारी आडवी आली, "देवाले हलवता?"

"माय, देव असला त चालन," गोदाबाई म्हणाल्या. "देवाले का चालाचं वावडं हाय?"

म्हातारी बाजूला झाली, वर माझ्या अंगावर हळद टाकून मोकळी झाली. नत्थुजींनी खांदा लावला, पाटलांनी लावला, हरिहरपंत धोतर खोचून चिखलात उतरले आणि पहिल्याच पावलाला गुडघ्यापर्यंत गेले. चिखलानं मला सोडताना मोठा आवाज केला. शेंदूर, हळद, चिखल असा रंगून मी बाहेर आलो आणि नत्थुजींच्या वावरात शिरलो.

तो दिवस मी विसरणार नाही. नत्थुजी कासरा धरून माझ्या पुढे चालत होते. प्रत्येक पाऊल बापाच्या जमिनीवर, आणि मागून मी ती जमीन दाबत येतोय. एकदाही त्यांनी मागं वळून पाहिलं नाही. फक्त दुसऱ्या टोकाच्या धुऱ्यापाशी बैल थांबवले, माझ्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "नीट दाब रे बाप्पा. अर्धवट नको ठेवू." मी नीट दाबलं. पुढं टेसनापर्यंत दिवस उगवल्यापासून मावळेपर्यंत फिरलो, आणि दसऱ्याच्या आदल्या दिवशी माझी चौकट टेसनाच्या फाटकाशी टेकली.

दसऱ्याला कापसाच्या गाड्या सावरखेडातून निघाल्या त्या संध्याकाळपर्यंत निघतच राहिल्या. बाजार गावातच राहिला. हिंगणीवाले खरंच पाहत राहिले.

पुढं मी गावाच्या सगळ्या रस्त्यांवर फिरलो. साहेब लोक आले, माझी पाठ थोपटून गेले. मग वाफेचा रूळ आला, त्याच्यामागून डांबर आलं, माझी सागवानी चौकट कुणाच्या तरी चुलीत गेली आणि मी फाटकाशी येऊन पडलो. त्याचं मला फारसं दुःख नाही. वाईट वाटतं ते तुम्ही रस्ता खणून तसाच टाकता, घरातला कचरा त्यावर लोटता आणि म्हणता, "रस्ता सरकारचा आहे, सरकार बघेल," तेव्हा.

म्हणून एक दुपार सांगतो. रस्ता झाल्याच्या दुसऱ्या वर्षी, ऐन वेचणीत, मी धुऱ्यापाशी उभा होतो. नत्थुजींना वावराच्या या तुकड्यातून त्या तुकड्यात जायचं होतं आणि गाड्यांची रांग तुटत नव्हती. दोन गाड्यांमधून वाट काढायला ते पुढे झाले, तशी एका गाडीचे बैल बुजले. अचलपूरकडचा गाडीवान, त्याला हे कोण ते कुठून माहीत असणार? तो खेकसला, "ओ बुढेबुवा, सरका बाजूले! रस्ता का तुमच्या बापाचा हाय?"

नत्थुजी बाजूला सरकले. कापसानं भरलेली ओटी सावरत त्यांनी त्या गाडीवानाकडे पाहिलं आणि हसले, मिशी कानापर्यंत गेली.

"होता बाबू," ते म्हणाले. "आता गावाचा हाय. जाऊ दे तू गाडी."

मित्रांनो, तुमच्या पायाखालचा प्रत्येक रस्ता कधीतरी कुणाच्या ना कुणाच्या बापाचं वावर होता. तेवढं मनात ठेवा आणि त्याला जपा.