शिवणाच्या खोलीचा विमा

घराचा विमा उतरवायचं नवऱ्याने मनावर घेतलं, तेव्हा शिवणबाईला बरंच वाटलं होतं. गल्लीत तिला सगळे शिवणबाईच म्हणत. नवरा तेवढा म्हणत नसे. मागच्या खोलीत तिची तीन मशिनं होती: जाड कापडाचं मोटारीवरचं मोठं, कापडाच्या कडा शिवायचं एक ओव्हरलॉक आणि एक काजं करायचं. शाळेचे गणवेश, दवाखान्यातले डगले, कुणाचे पडदे, सगळं त्या खोलीतून बाहेर पडायचं. मुलीचं शिक्षण त्यातून झालं, वरचा मजलाही त्यातूनच चढला. नवरा बसकंपनीत हजेरी लिहायचा आणि त्या खोलीतल्या खडखडाटाला 'हिचा टाइमपास' म्हणायचा.

विमावाला समोर बसून समजावत होता, आणि चांगलं समजावत होता, हे कबूल केलं पाहिजे. "दादा, घर विकलं तर काय येईल, तो आकडा विसरा. पडलं तर पुन्हा बांधायला काय लागेल, तेवढ्याचा विमा घ्या. घराचा वेगळा, आतल्या सामानाचा वेगळा. पाइप अचानक फुटला तर भरपाई मिळते, वर्षानुवर्षं झिरपत असेल तर नाही." मग त्याने पान उलटलं. "घरात काही व्यवसाय चालतो का?"

"माझी मशिनं आहेत," शिवणबाई म्हणाली.

"छे हो, कसला व्यवसाय," नवरा हसला. "दोन टाके मारते. टाइमपास."

"नाही, असेल तर सांगा. थोडे जास्तीचे भरून तोही जोडता येतो. मशिनं येतात, गिऱ्हाइकाचं कापडसुद्धा येतं."

"ते राहू द्या. टीव्हीचं काय ते सांगा."

टीव्ही भिंतभर होता आणि नवऱ्याचा त्याच्यावर जीव. टीव्हीला जास्तीचं संरक्षण मिळालं, कॅमेऱ्यालाही मिळालं. तो कॅमेरा मुलीच्या बारशानंतर कपाटाबाहेर निघाला नव्हता. परक्या माणसासमोर नवऱ्याला खोटं पाडायचं नाही, ही शिवणबाईची जन्माची खोड. राग मात्र आला होता, चांगलाच आला होता. तो तिने रिकाम्या कपबशांबरोबर आत नेला.

पुढे एकदा दोघं मुलीकडे राहायला गेली असताना वरच्या न्हाणीघरातला पाइप फुटला. पाणी नेमकं मागच्या खोलीवर साठलं आणि छताचं प्लास्टर मशिनांवर कोसळलं. मोटारीत पाणी, ओव्हरलॉकचा सांगाडा वाकलेला, आणि बटणं लावून घडी करून ठेवलेले शाळेचे गणवेश चिखलात. टीव्हीवर शिंतोडाही उडाला नव्हता.

विमा कंपनीने पाहणीला एक बाई पाठवली. तिने ओल्या भिंतींचे फोटो काढले, मशिनांवरची माती पुसून त्यांचे नंबर वाचले. "चांगली महागाची मशिनं आहेत," ती म्हणाली.

हे ऐकताच नवऱ्याचा नूर पालटला. "मग काय! मोठा धंदा आहे हिचा. अख्ख्या शाळेचे गणवेश ही एकटी शिवते. माणसं लांबून शोधत येतात. हिच्या हाताला तोड नाही."

शिवणबाई त्याच्याकडे बघतच राहिली. इतक्या वर्षांत जे ऐकायला कान आसुसले होते, ते सगळं तो एका दमात बोलून गेला होता, आणि तिला ते ऐकवत नव्हतं.

पाहणीच्या बाईने मोबाइल खाली घेतला. "तुमच्या अर्जात तर व्यवसाय नाही म्हणून लिहिलंय. धंदा असेल तर अर्जात खोटी माहिती दिली असं होतं. मग मशिनं राहिली बाजूला, छताचेही पैसे अडतील. तेव्हा नीट विचार करून सांगा."

नवऱ्याच्या तोंडचं पाणी पळालं. "म्हणजे, धंदा असा नाही हो. बोलायची एक पद्धत. तिलाच विचारा. काय गं, छंदच आहे ना तुझा?"

"ताई, तुम्ही सांगा," बाई म्हणाली. "इथे काय करता तुम्ही?"

शिवणबाईने वर पाहिलं. छताच्या सळया उघड्या पडल्या होत्या. खरं बोललं तर ते छत पदरच्या पैशाने बांधायचं, आणि पदरचा पैसा यायचा तो या मशिनांतूनच.

"काही नाही," ती म्हणाली. "वेळ जात नाही म्हणून शिवते."

"छंदाला तीन मशिनं लागत नाहीत, ताई." बाईला सगळं कळून चुकलं होतं, तिने आवाज खाली आणला. "घरगुती म्हणून एक लिहिते. त्याहून जास्त मला नाही लिहिता येणार."

छत नवं झालं, रंगही लागला. आल्यागेल्याला नवरा ते दाखवायचा आणि वेळेवर विमा घेतला म्हणून स्वतःची पाठ थोपटून घ्यायचा. गणवेशांचं कापड शिवणबाईने सोन्याच्या बांगड्या मोडून भरून दिलं. शाळेने दुसरा शिंपी गाठला. भरपाईत आलेलं मशीन उशांचे अभ्रे शिवायच्या लायकीचं. जाड कापडात त्याची सुई मोडायची. मग एक दिवस तिने त्याच्यावर चादर टाकली.

आणि त्या वर्षात आपल्या पगारात काय काय भागत नाही, हे नवऱ्याला हळूहळू समजत गेलं.

वर्ष सरलं, विमावाला पुन्हा येऊन बसला. तीच पानं, तेच प्रश्न. "घरात काही व्यवसाय चालतो का?"

"लिहा, लिहा," नवरा घाईघाईने म्हणाला. "हिचा शिवणाचा धंदा आहे. जास्तीचे काय असतील ते घ्या. मशिनं लिहा, कापड लिहा." आणि तो तिच्याकडे बघून हसला. घरात काहीतरी चांगलं आणलं की हसायचा, तसाच.

शिवणबाई दारात उभी होती. परक्या माणसासमोर नवऱ्याला खोटं पाडायची तिची ही पहिलीच वेळ.

"भाऊ, 'नाही' लिहा," ती म्हणाली. "आता ते खरं आहे."

विमावाल्याने दादांकडे पाहिलं. मग 'नाही'वर खूण केली आणि पान उलटलं.