चार बोटींचं जहाज

अक्कांनी चौतीस वर्षं जहाजांच्या कारखान्यात दुसऱ्यांच्या रेघा गिरवल्या. ड्रॉइंग ऑफिसात त्या ट्रेसर होत्या. इंजिनिअरने पेन्सिलीने आराखडा काढायचा आणि अक्कांनी त्यावर पातळ कापड ताणून तोच शाईने उतरवायचा. हात असा, की हातभर लांब रेघेत पेन कुठे उचललं ते भिंग लावूनही सापडू नये. पण स्वतःच्या मनाची एक रेघ त्यांनी कधी ओढली नाही. ट्रेसरने ती ओढायचीच नसते. समोरच्या कागदावर आहे ते उतरवायचं. नाही ते नाही.

निवृत्त झाल्यावर अक्का गल्लीतल्या सायकलवाल्याच्या माडीवर जाऊ लागल्या. तिथे दर रविवारी सकाळी सात माणसं जमत आणि कधीच न बांधल्या गेलेल्या युद्धनौका बांधत. अर्थात कागदावर. इतिहासातला एकच निर्णय बदलायचा, बाकी सगळं होतं तसं ठेवायचं, आणि मग जे जहाज झालं असतं ते असं काढायचं की कारखान्यातल्या फोरमननेही नाक मुरडू नये, असा त्यांचा नियम. यंदाचा विषय होता दुसऱ्या महायुद्धानंतरच्या ब्रिटनची, सैन्य किनाऱ्यावर उतरवणारी जहाजं. पसंत पडलेली जहाजं वर्षाअखेर पुस्तकात छापायची, प्रत्येकाखाली रचनाकाराचं नाव. ते नाव अक्कांना हवं होतं. हे त्या कुणाजवळ बोलल्या नव्हत्या, नवऱ्याजवळसुद्धा.

त्यांनी बदललेला निर्णय असा: युद्ध संपलं तेव्हा गोदीत अर्धवट पडलेलं एक लहान विमानवाहू जहाज मोडीत घालायचं नाही. त्याचं पोट मागून उघडायचं, आत लांबलचक हौद करायचा आणि त्यात रणगाडे लादलेल्या आठ बोटी ठेवायच्या, जोडीजोडीने. किनारा जवळ आला की जहाजाने मागची बाजू पाण्यात बुडवायची. हौद भरला की दार उघडायचं आणि बोटी तरंगत बाहेर. वरच्या सपाट डेकवर हेलिकॉप्टरं. दीड वर्ष त्या या जहाजात बुडाल्या होत्या.

छापखान्याला कागद द्यायला पंधरा दिवस उरले होते, तेव्हा आराखडा कमोडोरांच्या हाती पडला. कमोडोर म्हणजे त्या सातांतले एक, कारखान्यातले जुने तपासनीस. बंदर ओलांडलं की त्यांना उलट्या व्हायच्या, म्हणून कामगारांनी प्रेमाने दिलेली ही आरमारी पदवी.

"अक्का, काम देखणं आहे," ते म्हणाले. "फक्त जहाज ढकलणारे पाण्यातले पंखे कशाने फिरवणार?"

"इंजिनाने."

"इंजिन मध्यभागी, पंखे शेपटाशी. त्यांना जोडणारे दांडे जाणार कुठून? तुमच्या हौदाच्या तळातून? मग शिपायांना सांगून ठेवा, पाय वर घ्या रे बाबांनो, दांडा फिरतोय."

माडीवर हशा पिकला. सायकलवाला तर डोळे पुसायला लागला.

"आणि," कमोडोर पुढे म्हणाले, "एवढ्या रुंद हौदात पाणी घेतलंत, तर जहाज जरासं कललं की सगळं पाणी त्याच बाजूला धावणार. म्हणजे जहाज आणखी कलणार. पुढचं सांगायला नको."

अक्कांचे कान तापले. चूक त्यांना लगेच दिसली, आणि ती ट्रेसरनेच करावी अशी होती. जहाजाचा मागचा भाग त्यांनी ज्या जुन्या आराखड्यावरून उतरवला, त्यात दांडे दाखवलेच नव्हते. ते वेगळ्या कागदावर असतात. समोर नाही ते नाही.

"मनाला लावून घेऊ नका," कमोडोर म्हणाले. आवाज खरोखरच मऊ होता. "मागचा भाग मी नव्याने काढतो. तुम्ही तो शाईने उतरवा. तुमच्यासारखा हात कुणाचा नाही. दोघांचं नाव घालू."

सगळ्यांनी माना डोलावल्या. अक्कांनाही क्षणभर वाटलं, घ्यावं मान्य करून. कुणाला पडलंय? मग त्यांनी कागदाची गुंडाळी केली.

"पंधरा दिवस आहेत ना?" त्या म्हणाल्या. "मीच काढते."

घरी त्यांचे यजमान, निवृत्त पोस्टमास्तर, वर्तमानपत्रातलं शब्दकोडं घेऊन बसले होते. अक्कांनी त्यांच्या हातात पाण्याने निम्मा भरलेला रुंद ट्रे दिला.

"हा घेऊन दारापर्यंत चाला."

"का? दारात कुणी पाहुणे तहानलेत?"

"चाला हो."

ते तीन पावलं गेले. पाणी डावीकडे धावलं, त्यांनी ट्रे उजवीकडे केला, पाणी दुप्पट जोराने उजवीकडे आलं आणि सपाता भिजल्या.

"अगं, सत्तरी ओलांडलेल्या माणसाचा हा छळ आहे!"

"आता हे." अक्कांनी खिडकीतल्या रोपांची अरुंद, लांबट पन्हळ रिकामी करून तीत पाणी भरलं होतं. पोस्टमास्तर कुरकुरत दारापर्यंत गेले आणि परत आले. पाणी हललं, पण काठाच्या आतच राहिलं.

"जमलं की! आता मला चहा मिळेल का?"

अक्का टेबलाशी कधीच पोचल्या होत्या. गणित त्यांनी पुस्तकातून तीनदा पडताळलं. हौदाची रुंदी निम्मी केली, की धावत्या पाण्याचा धोका आठपट घटत होता. दांड्यांचा वेगळा कागद त्यांनी कपाटातून शोधून काढला. दांडे दोन, एक डाव्या अंगाला, एक उजव्या. मध्ये जागा मोकळी होती. निम्म्या रुंदीचा हौद त्या जागेत अगदी खोलवर बसत होता.

फक्त बोटी एका रांगेतच मावणार होत्या. आठाच्या चार.

दोन दिवस त्या चार या आकड्याशी भांडल्या. आठ बोटींनीच तर त्यांना या जहाजाची भुरळ पडली होती. तिसऱ्या दिवशी पोस्टमास्तरांनी विचारलं, "काय गं, जेवणावर राग का?"

"निम्म्या बोटी जातायत."

"बाहेर तरी येतील ना त्या?"

"येतील."

"मग पोस्टमास्तर म्हणून सांगतो, जे पोचतं तेवढंच टपाल."

अक्का हसल्या नाहीत, पण रबर हातात घेतलं. आणि तिथेच दुसरी अडचण उघडी पडली. जहाजाचं सुकाणू बरोबर मधोमध होतं, नव्या हौदाच्या तोंडाशी. जुन्या आराखड्यातली ती रेघ छापील, ठाम, कुणा मोठ्या रचनाकाराची. अक्कांनी तिच्यावर रबर टेकवलं आणि हात थांबला. हे पुसायचा अधिकार आपल्याला कुणी दिला? मग त्यांनी पुसलंच. कागद खरबरीत होईस्तोवर पुसलं आणि दोन पंख्यांमागे दोन नवी सुकाणू काढली. पहिली रेघ थोडी वाकडी गेली. ती त्यांनी तशीच ठेवली नाही; पुन्हा ओढली.

छापखान्याला कागद द्यायच्या आदल्या रविवारी कमोडोरांनी चष्मा पुसून आराखडा पाहायला घेतला. पंधरा मिनिटं ते एकेक रेघ बोटाने तपासत राहिले.

"चारच?" शेवटी सायकलवाला म्हणाला. "आधी आठ होत्या ना? हे म्हणजे दोन चाकं काढून सायकल विकणं झालं."

"आठ होत्या तेव्हा जहाज बुडत होतं," अक्का म्हणाल्या.

कमोडोरांचं बोट शेपटाशी थांबलं. "सुकाणू मधोमध असतं. तुम्ही हलवलंत. नियम माहीत आहे ना? बदल एकच."

"निर्णय एकच बदललाय. जहाज अपुरं होतं, कमोडोर. सुकाणू बसवलंच नव्हतं त्याला. न बसवलेलं हलवलं कसं म्हणता येईल?"

"आणि दोन सुकाणूंचं यंत्र?"

"पान सहा. वजन धरलंय. त्यासाठी हेलिकॉप्टरांचं इंधन कमी केलंय, तेही लिहिलंय."

कमोडोरांनी पान सहा उघडलं. ओठ हलवत बेरीज केली, पुन्हा केली. मग सायकलवाल्याकडे न बघता म्हणाले, "यादीत घे. रचना, अक्का. दुसरं नाव नाही." आणि लगेच, हौद भरायच्या जागेवर नखाने टिचकी मारून: "पण इथे तुमचा हा एकच पंप पुरणार नाही. पाणी उपसायला दुप्पट वेळ लागेल."

अक्कांनी वाकून पाहिलं. त्यांचं म्हणणं बरोबर होतं.

"मी करून देऊ?" कमोडोरांनी विचारलं.

"नको," अक्का म्हणाल्या. त्यांनी खुर्ची पुढे ओढली आणि पेन्सिलीला टोक काढायला घेतलं. "दुसरा पंप किती मोठा लागेल तेवढं सांगा. जागा मी शोधते."