भिमाजीने टोकलं

भिमाजीच्या घरात बाहेर निघालेल्या माणसाला ‘कुठं चालला?’ असं कुणी विचारत नसे. विचारलंच, तर ते टोकणं झालं, आणि टोकलं की काम फिसकटलंच म्हणून समजा. मग जाणाऱ्याने माघारी यायचं, घोटभर पाणी प्यायचं, जरा टेकायचं आणि मगच पुन्हा निघायचं. एकदा झेंडूच्या क्रेटांनी टेम्पो भरून उभा असताना शेजारच्या ठमाबाईने सहज विचारलं, तर भिमाजी खाली उतरून सरळ ओट्यावर जाऊन बसला. फुलबाजार निम्मा उरकला तरी चालेल, पण टोकल्यावर हा गडी पाणी प्यायल्याशिवाय मखमलाबादची वेस ओलांडायचा नाही.

दोन हजार दोन सालच्या पावसाळ्याच्या शेवटी भिमाजीची लेक सुवर्णा हॉलंडहून घरी आली. काचेच्या घरांत भाजीपाल्याची रोपं कशी वाढवतात ते ती दोन वर्षं तिथे शिकली होती. तिच्या प्राध्यापकांनी तिथेच नोकरी देऊ केली होती आणि शुक्रवारपर्यंत फोनवर हो-नाही कळवायचं होतं.

सुवर्णाच्या मनात वेगळंच घोळत होतं. विहिरीजवळच्या पट्टीत आपली रोपवाटिका काढायची, टोमॅटो-वांग्याची रोपं ट्रेमध्ये वाढवायची आणि गावोगावच्या शेतकऱ्यांना द्यायची. जागासुद्धा तिने हेरून ठेवली होती. पण बोलायचं कुणाशी? घरात कुणी विचारेल तर ना! आई नवसाबाई रोज तिच्या आवडीचं रांधत होती, भिमाजी बांधावरून हिंडवत फुलांचे भाव सांगत होता. राहणार का जाणार, हा शब्द मात्र कुणाच्या तोंडून निघत नव्हता. यांनी मनातून आपल्याला कधीच पाठवून दिलंय, असं तिला वाटायला लागलं, आणि ते तिला फार लागलं. ज्या घराला आपली गरजच नाही, तिथे हट्टाने का राहायचं?

शुक्रवारी दुपारी रागाच्या भरातच तिने नोकरीला हो म्हणायचं ठरवलं. नाक्यावरच्या बूथवरून फोन करायचा म्हणून चपला घातल्या, अंगणातली लुना काढली. नवसाबाई ओट्यावर माळेसाठी फुलं निवडत होती, भिमाजी पायाचा चिखल धूत होता. दोघांनीही मान खाली घातली. लुना फाटकापर्यंत गेली असेल नसेल, तोच मागून हाक आली.

“सुवर्णा, कुठं चालली गं?”

नवसाबाईच्या हातातली फुलं सांडली. उभ्या जन्मात या माणसाने मांजरालासुद्धा टोकलं नव्हतं.

“अवं, टोकलं की तुमी तिला,” ती म्हणाली.

“मुद्दामच टोकलं,” भिमाजी म्हणाला.

सुवर्णा गुपचूप माघारी येऊन ओट्यावर बसली. शिक्षण कितीही झालं, तरी टोकल्यावर पुढे जायची तिचीही छाती नव्हती. भिमाजीने स्वतः माठातून तांब्या भरून आणला. घरात कुणासाठी पाण्याचा तांब्या त्याने कधी भरून आणला नव्हता, त्यामुळे निम्मं पाणी वाटेतच सांडलं.

“तू आली त्या दिवसापासनं निघालेलीच हाय, असं धरून चाललो मी,” तो खाली बघत म्हणाला. “निघाल्या माणसाला इचारू नये. तुझं चांगलं व्हायचं, ते माझ्या तोंडानं कशाला मोडू? पण आज नाय राहावलं. इथं राहशील का, बाई?”

सुवर्णाला रडू फुटलं. रागही आला. इतके दिवस एवढंच ऐकायला मी इथे झुरतेय आणि तुम्ही तोंड शिवून बसलात, असं ती वडिलांना फाडकन बोलली. मग डोळे पुसून तिने रोपवाटिकेचं सगळं सांगितलं. एवढं शिकून रोपंच लावणार का, असं वडील म्हणतील ही तिची भीती होती. भिमाजीने मात्र कोणती पट्टी, एवढंच विचारलं. तिने विहिरीजवळच्या झेंडूकडे बोट दाखवलं.

मग सुवर्णा नाक्यावर गेली. तिचा नकार ऐकून प्राध्यापक हळहळले, पण मनापासून शुभेच्छा देऊन त्यांनी फोन ठेवला. बूथमधून बाहेर पडताना तिला भूक लागल्याचं जाणवलं. कित्येक दिवसांत तशी लागली नव्हती.

ती परत आली तर ओट्यावर कुणीच नव्हतं. नवसाबाईचा आवाज विहिरीकडून येत होता, आणि तो चांगलाच चढलेला होता. सुवर्णा धावत गेली. त्या पट्टीतला झेंडू कळ्यांनी लगडला होता आणि भिमाजी तो मुळासकट उपटून बांधावर टाकत होता. दोन सऱ्या मोकळ्या झालेल्या होत्या.

“आबा, दसरा तोंडावर आलाय,” ती त्याचा हात धरत म्हणाली. “निदान तेवढा तरी होऊ द्या.”

“दसरा काय, दरसाल येतो,” भिमाजी म्हणाला, आणि पुढच्या झाडाला हात घातला.