आईचे कागद

मानेतली गाठ तपासून झाली, पोटाचा फोटो झाला, माणसाला आख्खं आत सरकवतात ते महागडं मशीनही झालं. मग डॉक्टर म्हणाले, "कॅन्सर आहे, पसरलाय. पण सुरू कुठून झाला ते सापडत नाही."

माझं डोकंच फिरलं. म्हटलं, "आवं डॉक्टर, माझा चष्मा सापडत नाही ते मी समजू शकते. एवढ्या मशिनी घेऊन बसलाय आणि तुम्हाला एक आजार सापडंना?"

बिचारे हसले. काही जणांचं असं होतं म्हणाले, मूळ जागा कळतच नाही, तरी औषध द्यायचं. सून मयूरीनं माझा हात धरला, मी तो सोडवून घेतला. रडू येत होतं, आणि सुनेपुढं मी रडत नाही.

सांगलीत, विश्रामबागेत आमच्या घरी माणसांची रीघ लागली. सगळ्यांचं एकच, "कशाचा?" कळत नाही म्हटलं की कुणाचं समाधान होईना. मग वैतागून एकीला पोटाचा सांगितला, दुसरीला फुप्फुसाचा. दोघी मंडईत भेटल्या आणि माझी शोभा झाली.

पुढच्या खेपेला डॉक्टरांनी विचारलं, "माहेरी कुणाला कॅन्सर होता का? आई कशानं गेली?"

माझ्या तोंडातून निघून गेलं, "दादाला विचारावं लागेल."

मयूरीनं चमकून बघितलं. पाटणच्या दादाचं नाव या घरात नऊ वर्षं निघालं नव्हतं.

आमच्याकडं वडील गेले की बहिणी हक्कसोडपत्रावर सही करतात. जमीन भावाला, माहेर बहिणीला. धाकटीनं केली, मीही केली असती. पण दादानं कागद टाईप करूनच आणला, बोट ठेवलं आणि म्हणाला, "हितं कर." विचारलं नाही, बस म्हटलं नाही. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पेन तिथंच ठेवलं आणि एसटी धरली. तो नाकावर माशी बसू देत नाही, आणि मी त्याचीच बहीण.

जमीन मला कधीच नको होती. मला माहेर पाहिजे होतं, अजून पाहिजे. नऊ भाऊबीजा मी गच्चीवर जाऊन चंद्राला ओवाळलं, भाऊ नसलेल्या बाईसारखं. दरवर्षी वाटायचं, पुढच्या वर्षी येईल. आता पुढचं वर्षच कुणी कबूल करंना.

खरं सांगू? आई कशानं गेली हे मला कुणाला विचारायची गरजच नव्हती. अर्धांगवायूनं गेली. माझ्या मांडीवर गेली, आणि दादा तिच्या पायाशी बसला होता.

तरी फोन लावला. नंबर तोंडपाठ होता.

"कोन?"

"मी उमा."

पलीकडं म्हैस रेकली. मी घाईघाईनं सगळं सांगितलं. गाठ, तपासण्या, सुरुवात सापडंना ते. मग म्हटलं, "डॉक्टर इचारत्यात, आईला काय झालं हुतं?"

आता म्हणणार, 'तुला म्हाईत न्हाई व्हय?' आणि ठेवणार, म्हणून मी डोळे मिटून घेतले.

"आईला..." दादानं घसा खाकरला. "तिचं कागद आसत्याल ट्रंकंत. बघतो. घिऊनच येतो."

मंगळवारी आला. पाटणहून कराड, कराडहून सांगली, मग सिटी बस. टोपी काढली तर डोकं पांढरं झालेलं. हातात पिशवी, पिशवीत नाचणीचं पीठ. आईच्या हातची आंबील मला आवडायची, तेवढं त्याच्या ध्यानात होतं. मी पीठ नाकाशी धरलं आणि सुनेपुढं रडले एकदाची.

दादा चहाच्या कपात बघत म्हणाला, "वाळलीयास की गं." मग कप खाली ठेवून, "त्या दिशी मी तुला बस म्हनाया पायजे हुतं."

"व्हय, पायजे हुतं," मी म्हटलं. मी अशी लगेच विरघळणारी नाही. पण त्याला दुसरा कप चहा मीच करून दिला.

निघताना दारात चप्पल घालत तो म्हणाला, "कागद काय गावलं न्हाईत, उमे. माळ्यावरची पेटी बघायची ऱ्हायलीय. फुडच्या मंगळवारी येतो घिऊन."

मयूरी म्हणाली, "मामा, एवढ्या लांब कशाला? सापडले की फोनवर सांगा."

"न्हाई!" आम्ही दोघं एकदमच ओरडलो. पोरगी दचकली.

दादानं टोपी नीट केली. तो माझ्याकडं बघंना, मी त्याच्याकडं बघंना.

"सावकाश शोध, दादा," मी म्हटलं. तो दोन पायऱ्या उतरला, तेव्हा मला राहवलं नाही. "पर लय सावकाश नगं."